ब्रिटनमध्ये पिकावर फवारणी करायची आहे? प्रमाणपत्र, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

राहुरी, दापोली, अकोला, परभणीहून कृषीची पदवी घेऊन ब्रिटनला पुढचं शिकायला जाणारी मुलं आता बरीच आहेत. शिक्षणानंतर त्यांतली काही तिथल्या गहू-बार्लीच्या शेतांवर काम शोधतात. तिथे मुलाखतीत हमखास विचारलं जातं की फवारणीचं प्रमाणपत्र आहे का. ट्रॅक्टर येतो, पंप येतो, घरी कपाशीवर आयुष्यभर फवारलंय, एवढ्यावर तिकडे भागत नाही.

आणि भागू नयेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. औषध हातात देण्याआधी माणसाला शिकवायचं आणि त्याची परीक्षा घ्यायची, हा नियम कुणाला जाच वाटत असेल तर त्याने ते दिवस आठवावेत.

प्रमाणपत्र कुणाला लागतं

शेतीसाठी विकली जाणारी व्यावसायिक दर्जाची तणनाशकं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं जो स्वतः फवारतो, त्या प्रत्येकाला. शेताचा मालक असो, पगारी नोकर असो की ठेकेदार. पूर्वी ३१ डिसेंबर १९६४ च्या आधी जन्मलेल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीवर सूट होती, ती २६ नोव्हेंबर २०१५ ला संपली. औषध विकत घेणाऱ्यावरही जबाबदारी आहे. ते प्रत्यक्ष फवारणारा माणूस प्रमाणपत्रधारक असल्याची खात्री त्याने करायची असते.

अपवाद एकच, आणि नवख्या माणसाने तो नीट समजून घ्यावा. शिकत असताना, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली फवारता येतं. थेट देखरेख म्हणजे तो माणूस तिथे हजर हवा. तो गावात आणि तुम्ही एकटे शेतात, ही देखरेख नव्हे. "तू सुरू कर, कागद मागाहून बघू" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. प्रमाणपत्र माणसाच्या नावावर निघतं, शेताच्या नाही. भारतातली कृषी पदवी त्याची जागा घेऊ शकत नाही.

परीक्षा कशी असते

पहिली पायरी पीए१, म्हणजे पायाभूत लेखी परीक्षा. कायदा, लेबल वाचणं, अंगावरची संरक्षक साधनं, साठवण, पाण्याचे स्रोत आणि मधमाश्या जपणं यावर प्रश्न येतात. ती पास झाल्याशिवाय पुढच्या प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. पुढची पायरी यंत्रानुसार बदलते. ट्रॅक्टरवरच्या, ओढायच्या किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या बूम स्प्रेअरसाठी (बूम म्हणजे नोझल लावलेली आडवी दांडी) पीए२, पाठीवरच्या पंपासाठी पीए६. गव्हाच्या शेतावर काम करायचं तर पीए२ लागणारच. बांधावरच्या आणि कुंपणाकडेच्या तणांसाठी पीए६ही करून ठेवावं असं माझं मत आहे. ही प्रमाणपत्रं सिटी अँड गिल्ड्स आणि लँट्रा या संस्थांमार्फत मिळतात. अर्ज त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्राकडे करायचा, आणि तारीख नक्की होईपर्यंत थोडं प्रशिक्षण घ्यायचं.

परीक्षेला जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं, पीए२ साठी पीए१ पास झाल्याचा पुरावाही. हातमोजे, अंगभर कव्हरॉल, चेहऱ्यावरची ढाल, बूट यांतलं काय स्वतः आणायचं ते केंद्राला आधीच विचारून घ्या.

पीए२ मध्ये बहुतेकांची धाकधूक होते ती कॅलिब्रेशनला, म्हणजे ठरलेलं पाणीच पडतंय ना हे मोजून यंत्र जुळवण्याला, म्हणून ते इथे करूनच दाखवतो. टाकी साध्या पाण्याने अर्धी भरून शेतातच शंभर मीटर अंतर मोजा आणि फवारणीच्या गियरमध्ये ते पार करायला किती सेकंद लागतात ते बघा. ३६० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. ३० सेकंद लागले तर १२ किलोमीटर. आता हेक्टरी लिटर गुणिले वेग गुणिले दोन नोझलांमधलं अंतर मीटरमध्ये, भागिले ६००. हेक्टरी १०० लिटर, वेग १२, अंतर अर्धा मीटर धरलं तर एका नोझलमधून मिनिटाला १ लिटर पाणी पडलं पाहिजे. ०३ आकाराचा निळा नोझल साधारण २ बार दाबाला तेवढं देतो. मग मोजपात्र धरून मिनिटभर पाणी गोळा करायचं, एकेका नोझलखाली. ज्याचा आकडा पाच टक्क्यांहून जास्त ढळला तो साफ करा, तरी जमेना तर बदला. गणित आठवीच्या पोराला येईल इतकं सोपं आहे, पण परीक्षकासमोर घाई केली की चुकतं. कागदावर मांडून करा.

शेताच्या बाजूचे कागद

माणसाची परीक्षा झाली, तशी यंत्राचीही होते. तीन मीटरपेक्षा रुंद बूम असलेल्या नव्या स्प्रेअरची तपासणी पाच वर्षांच्या आत आणि नंतर दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. पाठीवरच्या पंपाला ही सक्ती नाही, तो वापरणाऱ्याने स्वतः सुस्थितीत ठेवायचा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या शेतांनी आपण व्यावसायिक औषधं वापरतो हे डेफ्रा या शेती-पर्यावरण खात्याला फॉर्म भरून कळवायचं असतं. फवारणी ठेकेदाराकडून करून घेत असाल तरीही. धान्य रेड ट्रॅक्टर या गुणवत्ता योजनेखाली विकणाऱ्या शेतांवर फवारणाऱ्याची नोंद एनआरओएसओ या राष्ट्रीय नोंदवहीत हवी, आणि ती टिकवायला दरवर्षी थोडंफार शिकत राहावं लागतं.

हंगामात कागद कुठे लागतो

तिकडचा मुख्य गहू हिवाळी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरणी, ऑगस्टमध्ये कापणी. पेरणीनंतर लगेच ब्लॅकग्रास या चिवट तणासाठी तणनाशक, एप्रिल ते जून दरम्यान पानावरच्या सेप्टोरिया करप्यासाठी बुरशीनाशकाच्या दोन-तीन फवारण्या. त्यांतली ध्वजपान, म्हणजे ओंबीखालचं शेवटचं पान, पूर्ण बाहेर आल्यावरची सर्वांत मोलाची, कारण दाणा भरायला लागणारं अन्न मुख्यतः वरच्या पानांतून येतं.

दर वेळी पहिला कागद म्हणजे डब्यावरचं लेबल. त्यावर पीक, कमाल मात्रा, पिकाच्या कोणत्या अवस्थेपर्यंत फवारता येईल आणि मॅप (MAPP) या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ती सूचना नाही, कायदा आहे. कापणीपूर्वी गव्हावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं असेल तर दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांखाली आलेला हवा आणि कापणीला किमान सात दिवस उरलेले हवेत. ओढ्याकाठी कित्येक औषधांसाठी काठाच्या वरच्या कडेपासून पाच मीटरचा पट्टा सोडावा लागतो. पट्टा कमी करायची मुभा काही अटींवर मिळते, पण तिचं मूल्यमापन लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

फवारणी संपल्यावर औषधाचं नाव, तारीख, मात्रा, क्षेत्र आणि पीक ही नोंद त्याच दिवशी करा. ती किमान तीन वर्षं जपायची असते. वारा किती होता, कुठल्या दिशेने होता हेही लिहावं. शेजाऱ्याने तक्रार केली तर तीच ओळ कामी येते. रिकामे डबे तीनदा धुवायचे, धुतलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं आणि डबे परवानाधारक कचरा-वाहकाकडे द्यायचे. जाळायचे नाहीत, पुरायचे नाहीत.

खताचं थोडक्यात. शेत नायट्रेटप्रवण क्षेत्रात, म्हणजे जिथे शेतातलं नायट्रेट पाण्यात उतरायचा धोका आहे अशा जाहीर भागात, येत असेल तर नांगरटीच्या जमिनीवर १ सप्टेंबर ते १५ जानेवारी रासायनिक नत्र सहसा देता येत नाही.

व्हिसाबद्दल

प्रमाणपत्र म्हणजे कामाचा परवाना नव्हे. सहा महिन्यांचा सीझनल वर्कर व्हिसा फळं, भाज्या, फुलं यांच्या बागायतीसाठी आणि नाताळाआधीच्या कुक्कुटपालनाच्या कामासाठी आहे, गव्हाच्या शेतावर त्याच्यावर काम करता येत नाही. त्याचं आमिष दाखवून कंबाइन चालवायची नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. विद्यार्थी व्हिसावर असाल तर पदवी स्तरावरच्या अभ्यासक्रमात सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि पेरणीचा ऑक्टोबर नेमका सत्रात येतो. म्हणून पीए१ आणि पीए२ सुट्टीत उरकून घ्या, आणि नोकरी बदलताना प्रमाणपत्राची मूळ प्रत शेताच्या फायलीत न ठेवता स्वतःजवळ ठेवा.