हॉवर्ड काउंटी : शाळांच्या हद्दींच्या वादामागचा इतिहास

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मूल कुठल्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावरून ठरतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शाळांच्या या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. सुमारे ५,४०० मुलांच्या शाळा त्यामुळे बदलल्या. मूळ प्रस्तावात हा आकडा सात हजारांच्या वर होता. त्या काही महिन्यांत पालकांचे मोर्चे निघाले, सुनावण्या रात्री उशिरापर्यंत लांबल्या आणि निर्णय घेणाऱ्यांना धमक्यांची पत्रंही आली. वाद वरवर बसच्या मार्गांचा दिसत होता. त्याची मुळं मात्र घरं कुठे बांधायची या जुन्या निर्णयांत आहेत.

काउंटी १८५१ सालची. इथल्या एलिकॉट सिटी या गावातल्या पिठाच्या गिरण्या आणि तिथवर आलेली रेल्वे त्याही आधीची. पण आजच्या हॉवर्डचं रूप घडलं ते १९६० नंतर. तेव्हा इथे जेमतेम ३६ हजार लोक राहत होते आणि बहुतेक शेतीच होती. शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुरता अमलात यायला इथे १९६५ उजाडलं, कारण एकेक इयत्ता करत एकत्रीकरण लांबवत नेलं गेलं.

१९६३ मध्ये गौप्यस्फोट झाला की वेगवेगळ्या नावांनी झालेल्या जमीन-खरेदीमागे एकच विकासक आहे. त्याने सुमारे १४ हजार एकर जमीन जमवली होती. काउंटी ग्रामीणच राहावी म्हणून निवडून आलेल्या लोकांसमोर हा प्रस्ताव गेला, आणि १९६५ मध्ये त्यांनीच नव्या शहरासाठी वेगळी नियमावली मंजूर केली. जून १९६७ मध्ये हे शहर, कोलंबिया, सुरू झालं. पुढे त्याची दहा उपनगरं झाली. ती व्हिलेज म्हणून ओळखली जातात. बंगले, रो-हाऊस आणि भाड्याचे फ्लॅट एकाच परिसरात, सगळ्या गल्लीच्या टपालपेट्या एके ठिकाणी, निरनिराळ्या धर्मांना मिळून एकच प्रार्थनागृह आणि चालत जाता येईल अशी शाळा, अशी ती रचना होती. घर विकताना वर्ण पाहायचा नाही हा नियमही पहिल्यापासूनच होता. तशी सक्ती करणारा केंद्राचा कायदा त्यानंतरच्या वर्षी आला. आंतरवर्णीय जोडपी इथे राहायला आली ती याच भरवशावर. हॉवर्डबद्दल आदराने बोलावं असं काही असेल तर ते हेच.

पण ही सरमिसळ कोलंबियापुरती होती, आणि तिथेही ती टिकली नाही. शेवटचं व्हिलेज, रिव्हर हिल, मुख्यतः मोठ्या स्वतंत्र घरांचं झालं. त्याच्याही पश्चिमेला सार्वजनिक पाणी आणि ड्रेनेजची हद्द संपते. त्या रेषेपलीकडे विहीर आणि सेप्टिक टँक. म्हणजे प्लॉट मोठे, घरं महाग आणि फ्लॅट जवळपास नाहीतच. शेतजमीन वाचवणं हा या रेषेमागचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. परिणाम असा झाला की कमी उत्पन्नाची कुटुंबं पूर्वेकडे आणि कोलंबियाच्या जुन्या भागात एकवटली. पश्चिमेकडच्या काही शाळांत मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं ५ टक्क्यांहून कमी, तर दुसरीकडच्या काही शाळांत निम्म्याच्या आसपास.

शाळांत जागा नसेल तर तिथल्या नव्या घरांची परवानगी रोखायची, असा नियमही १९९० च्या दशकापासून आहे. २०१८ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे शाळेची हद्द हा बांधकामाचाही प्रश्न झाला.

२०१९ ची फेररचना मुळात गर्दीसाठी होती. काही हायस्कूलांत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुलं, काहींत जागा शिल्लक. त्यात ऑगस्टमध्ये काही लोकप्रतिनिधींनी ठराव मांडला की उत्पन्न आणि वर्णानुसार पडलेली फूटही याच वेळी कमी करावी. वस्तीच्या नकाशातले छोटे तुकडे, इथल्या भाषेत पॉलिगॉन, एकेक करून इकडून तिकडे हलवले जाऊ लागले. आपला पॉलिगॉन कोणता, हे पालकांना पाठ झालं. विरोधकांत आशियाई पालकही मोठ्या संख्येने होते. शाळा पाहून, कर्जाचा डोंगर घेऊन घर घ्यायचं हा स्थलांतरितांचा हिशोब आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. लांबचा बसप्रवास आणि तुटणाऱ्या मैत्र्या ही त्यांची चिंताही खरी होती. मात्र ज्या मुलांसाठी हा बदल सुचवला होता, त्यांचे पालक कामातून वेळ काढून सुनावणीला येऊ शकत नव्हते. सभागृहातल्या आवाजांची बेरीज म्हणजे काउंटीचं मत, असं मानणं म्हणूनच चूक ठरलं असतं. मंजूर झालेला आराखडा मूळ प्रस्तावाहून मवाळ होता.

नव्या हद्दी २०२० च्या शरदात लागू झाल्या तेव्हा शाळा ऑनलाइन होत्या. नवे शिक्षक आणि वर्गमित्र मुलांना आधी लॅपटॉपवरच भेटले. काउंटीतल्या जेसप भागात २०२३ ला नवं हायस्कूल उघडलं आणि त्यासाठी आधीच्या वर्षी पुन्हा हद्दी हलल्या, पण ती आखणी मुख्यतः जागेच्या टंचाईपुरती होती. २०२३ मध्येच काउंटीचा नवा सर्वसाधारण आराखडाही मंजूर झाला. त्यात ड्रेनेजची ती पश्चिम रेषा जवळपास होती तिथेच आहे.