ॲरिझोनाची शिक्षणखाती आणि त्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००९ मध्ये दोन व्हाउचर योजना, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी धनादेश देणाऱ्या योजना, रद्द केल्या. त्यातली एक दिव्यांग मुलांसाठी होती. दोन्ही योजना विधिमंडळाने २००६ मध्येच मंजूर केल्या होत्या, पण ॲरिझोनाच्या स्वतःच्या घटनेत पूर्वीपासून एक कलम आहे: खासगी वा धार्मिक शाळांच्या मदतीला सरकारी पैसा देता येणार नाही. व्हाउचरचा धनादेश पालकाच्या नावाने निघायचा खरा, पण पालकाने त्यावर सही करून तो शाळेकडेच द्यायचा. दुसरीकडे कुठेही तो चालत नव्हता. म्हणजे ही शाळेलाच मदत झाली, असे न्यायालयाने म्हटले.

यावर गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या तिथल्या वैचारिक संस्थेने वाट सुचवली. पैसा शाळेला देऊच नका, पालकाच्या ताब्यातल्या खात्यात टाका. २०११ मध्ये विधिमंडळाने तसा कायदा केला आणि गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी त्यावर सही केली. राज्याने त्या मुलावर सरकारी शाळेत जो खर्च केला असता, त्याच्या ९० टक्के रक्कम दर तिमाहीला खात्यात जमा होणार. डेबिट कार्ड पालकाकडे. खासगी शाळेची फी, शिकवणी, उपचार, पुस्तके, ऑनलाइन वर्ग, यांपैकी काय घ्यायचे ते पालकाने ठरवायचे. उरलेले पैसे पुढच्या शिक्षणासाठी साठवले तरी चालतील. देशातली ही पहिलीच योजना. पहिल्या वर्षी जेमतेम दीडशे मुले होती, आणि सगळी दिव्यांग.

या खात्याची एक किंमत होती, आणि ती फार कमी वेळा बोलली जाते. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने दिव्यांग मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याच्या गरजेनुसार शिक्षण मिळण्याचा हक्क दिला आहे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा बनतो, आणि शाळेने तो पाळला नाही तर पालक तिला सुनावणीला खेचू शकतात. खाते घेताना पालक करारावर सही करतात आणि सरकारी शाळेची ही जबाबदारी संपते. खासगी शाळेने मुलाला मध्येच काढून टाकले, तर दाद मागायला ती जुनी चौकट उरत नाही. मला वाटते, देखरेखीची चर्चा पावत्यांपासून सुरू होते तेव्हा हा पहिला प्रश्न मागेच राहतो.

खात्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ॲरिझोनाच्या अपील न्यायालयाने योजना वैध ठरवली: लाभ कुटुंबाला मिळतो, पैसा कुठे जाईल हे आधी ठरलेले नाही, म्हणून ही शाळेला मदत नव्हे. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालायला नकार दिला. पुढचे सगळे समजून घ्यायला हा निकाल कळीचा आहे. पैसा कुठेही जाऊ शकतो, म्हणूनच योजना घटनेच्या कसोटीला उतरली; आणि पैसा कुठेही जाऊ शकतो, म्हणूनच त्याचा माग काढणे अवघड झाले.

ॲरिझोनाचा महालेखापाल विधिमंडळाच्या संयुक्त लेखा समितीकडून नेमला जातो, म्हणजे त्याचा अहवाल हा विधिमंडळाचाच डोळा. २०१६ च्या अहवालात अवघ्या सहा महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक गैरखर्च नोंदला गेला. २०१८ मध्ये हा आकडा सात लाखांच्या वर निघाला, आणि वसुली जवळजवळ शून्य. राज्याच्या शिक्षण विभागाचे म्हणणे होते की तपासणीसाठी कायद्याने ठरलेला पैसाच विधिमंडळ पूर्ण देत नाही. ही तक्रार मला रास्त वाटते. योजना मोठी करायची, पण हिशेब तपासणारी माणसे द्यायची नाहीत, हा दोष कार्ड वापरणाऱ्या आईचा नव्हे.

मिसिसिपीने २०१५ मध्ये असेच खाते फक्त दिव्यांग मुलांसाठी आणले, पण तिथे विधिमंडळाने पीअर या स्वतःच्या देखरेख समितीकडून नियमित आढावा घेण्याची अट कायद्यातच घातली. ही १९७३ पासूनची, सात सिनेटर आणि सात प्रतिनिधींची समिती. २०१८ मध्ये तिने पावत्यांच्या पलीकडचे विचारले: या शाळांत मुलांना लागणाऱ्या सेवा मिळतात का, मुले पुढे सरकतात का, हे तपासायची सोय कुठे आहे? २०२० मध्ये योजना पुढे चालू ठेवताना शाळांवर नव्या अटी आल्या. मात्र मिसिसिपीत सहसा पालकाने आधी खिशातून भरायचे आणि मग परतावा मागायचा. हिशेब चोख राहतो, पण हातावर पोट असलेले घर दारातूनच परत फिरते.

ॲरिझोनात दरम्यान योजनेचा पाया बदलला. २०१७ चा सर्वांसाठी खुला करणारा कायदा २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६५ टक्के मतदारांनी फेटाळला. २०२२ मध्ये विधिमंडळाने त्याहून मोठा विस्तार मंजूर केला. साधारण १२ हजार खाती दीड वर्षात ७५ हजारांच्या आसपास पोचली, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू झाले ती दिव्यांग मुले आता एकूण खात्यांत अल्पसंख्य झाली. सर्वसाधारण मुलाला वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास मिळतात, तर ऑटिझमसारख्या स्थितीत ही रक्कम ३० हजारांच्याही वर जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच जणांवर आरोपपत्र दाखल झाले. त्यातले तिघे शिक्षण विभागाचेच माजी कर्मचारी. अस्तित्वात नसलेली मुले, खोटे जन्मदाखले आणि दिव्यांगत्वाचे खोटे मूल्यमापन दाखवून सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम लाटल्याचा आरोप होता. खोट्या मुलांनाही दिव्यांगच दाखवल्याचे त्यात म्हटले होते; मोठी रक्कम तिथेच होती.

याच काळात खऱ्या पालकांनी आधी स्वतः खर्च करून मागितलेल्या परताव्यांचा ढीग साचत गेला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शिक्षण विभागाने दोन हजार डॉलरपर्यंतच्या मागण्या आधी मंजूर करायच्या आणि नंतर तपासायच्या असे ठरवले. महागडे उपचार आणि उपकरणे लागणाऱ्या मुलांची मोठी बिले या मर्यादेबाहेर, पूर्वीच्याच रांगेत राहिली.