पाण्याला वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालंय, हे खरं नाही

राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की आपल्या कोल्हापुरात मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणजे दर तासाचा फूट-इंचाचा आकडा, आणि दुसरा म्हणजे निवारा केंद्रात काय काय पाहिजे त्याची यादी. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. यादीत बिस्किटं, ब्लँकेट, चटया, मेणबत्त्या सगळं असतं, पण पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टची बाटली मी आजवर एकाही यादीत बघितलेली नाही. आणि मध्यंतरी एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की "केंद्रातल्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास मारतोय, टाकणाऱ्यानं जास्त टाकलंय, कमी करायला सांगा", त्याला धडाधड अंगठे पडले. म्हणून लिहायला बसलोय. कारण बहुतेक वेळा खरी परिस्थिती याच्या बरोबर उलटी असते.

आधी केंद्राबद्दल थोडंसं. जगभरात मदतकार्यासाठी स्फिअर नावाची मानकं वापरतात. झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला माणशी किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागं एक नळ, २० माणसांमागं एक संडास आणि बायकांसाठी संडास पुरुषांच्या तिप्पट. आता आपल्या शाळेचा वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग घ्या, साधारण ४६ चौरस मीटर, म्हणजे १३ माणसं. प्रत्यक्षात किती असतात ते ज्यांनी २०१९ च्या किंवा २०२१ च्या महापुरात आत जाऊन बघितलंय त्यांना सांगायला नको. जागेचं एक वेळ जमवून घेता येतं, माणसं वळचणीला पण झोपतात, पण पाण्याला तडजोड नाही. २०१९ ला गावात चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही असे दिवस आपण काढलेत, कारण उपसा केंद्रंच पुराखाली गेली होती आणि सगळं शहर टँकरच्या मागं धावत होतं.

२०२१ ला मी उंचावरच्या एका शाळेत मदतीला होतो. माणसं आली तशी म्हशी पण आल्या. आपल्याकडं म्हैस सोडून माणूस घराबाहेर पडत नाही आणि त्यात चूक काहीच नाही, सगळं घर तिच्यावर चालतं. शाळेच्या आवारात एक विहीर होती, तिच्याभोवती फरशीचा कोरडा कट्टा, म्हशी तिथंच बांधल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. एक आज्जी तांब्या तोंडाजवळ नेऊन परत खाली ठेवायच्या. "ह्या पाण्याला वास मारतोय बाळा, मी न्हाई पित." झालं, टीसीएल पावडर निम्म्यावर आणली. वास काही गेला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तीन पोरांना जुलाब.

टीसीएल म्हणजे ग्रामपंचायतीत मिळणारी ती पांढरी ब्लीचिंग पावडर. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण हवेत टिकावी म्हणून जास्तीचा चुना घातलेली. ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं आणि ऑगस्टची दमट हवा लागली की ते उडत जातं आणि मागं नुसता चुना उरतो. ही पावडर पाण्यात गेली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणि खरं काम हेच करतं. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो, या आम्लाच्या रेणूवर भारच नसतो, त्यामुळं तो आवरणातून सरळ आत शिरतो आणि आतली एन्झाइम्स निकामी करतो. पण पाणी जास्त अल्कली झालं तर याच आम्लाचा ऋणभारित आयन होतो, तो आवरणाजवळच अडखळतो. पीएच साडेसातला निम्मं-निम्मं, साडेसहाला दहातले नऊ रेणू कामाचे, साडेआठला दहातला जेमतेम एक. हल्ली "अल्कलाइन पाणी प्या, सगळे रोग पळतील" म्हणून जे फॉरवर्ड येतात ते वाचून केंद्रातल्या पिंपात चुना किंवा सोडा ढकलू नका रे बाबांनो, जंतू मारणारी एकमेव गोष्ट तुम्ही त्यानं लुळी करताय.

आता म्हशींकडं येऊ, कारण सगळी मेख तिथं आहे. जनावराच्या मुतात युरिया असतो. शेणातल्या आणि मातीतल्या जिवाणूंकडं युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते या युरियाचा बघता बघता अमोनिया करतं. पावसानं तो अमोनिया विहिरीत गेला. आणि क्लोरीनला जंतू मारण्यापेक्षा अमोनियाशी जोडी जमवायची घाई जास्त असते. त्या जोडीला क्लोरामाइन म्हणतात. क्लोरामाइन जंतू मारतं, पण कित्येक पट सावकाश. आणि तो जो उग्र, नाकात जाणारा वास असतो ना, तो मुख्यतः या क्लोरामाइनच्या भावंडांचा असतो. स्विमिंग टँकला येणारा वास पण हाच, घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संबंध आल्यामुळं येणारा. मोकळ्या, म्हणजे अमोनियाशी न जोडलेल्या क्लोरीनचा वास पिण्याच्या पाण्यातल्या प्रमाणात फार सौम्य असतो.

पुढचा भाग मला स्वतःला प्रचंड आवडतो, जरा सावकाश वाचा. समजा एक लिटर पाण्यात अमोनियाच्या रूपात एक मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. त्यात क्लोरीन घालत चला. एक मिलिग्रॅम, दोन, तीन, अंदाजे पाच मिलिग्रॅमपर्यंत पाण्यातलं एकूण क्लोरीन वाढत जातं, पण ते सगळं मोनोक्लोरामाइनच्या रूपात अडकलेलं, मोकळं काहीच नाही. पाचाच्या पुढं गेलात की आक्रीत घडतं, तुम्ही क्लोरीन घालताय आणि पाण्यातलं एकूण क्लोरीन कमी होतंय! कारण आता एका नायट्रोजनला दोन-दोन क्लोरीन चिकटायला लागतात, असं डायक्लोरामाइन मुळात अस्थिर, ते फुटतं आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. दोन अमोनियाला तीन हायपोक्लोरस असा हिशोब, वजनात धरला तर एक मिलिग्रॅम नायट्रोजनला ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन, प्रत्यक्षात इतर घाण पण असते म्हणून ८ ते १० धरतात. आलेख काढला तर आधी चढ, मग उतार, मग तळ, आणि त्या तळापासून परत चढ. या तळाला ब्रेकपॉइंट म्हणतात. तळ ओलांडल्यावर घातलेलं प्रत्येक मिलिग्रॅम मोकळं राहतं, आणि तिथून पुढं वास पण कमी होतो.

आता आपला आकडा बघा. एक हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल हा नेहमीचा डोस. ३३ टक्क्यांनी लिटरला १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन. चांगल्या पाण्याला हे भरपूर झालं, पण म्हशींच्या कट्ट्याजवळच्या विहिरीला तुम्ही पहिल्या चढावरच घुटमळताय, आणि वास येतोय म्हणून निम्मं केलंत तर अजून खाली आलात. बरं, ब्रेकपॉइंट ओलांडायचा तर हजार लिटरला १० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे तीस ग्रॅम ताजी पावडर, आणि पावडर शिळी असेल तर पन्नास. अंदाजानं असं करणं बरोबर नाही. असलं पाणी पिण्यासाठी सोडून द्यायचं, हेच शहाणपणाचं.

पण कळायचं कसं? ओटी टेस्टनं. परीक्षानळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, एवढं गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाला शिकवलेलं असतं. मुद्दा वेळेचा आहे. मोकळं क्लोरीन पहिल्या दहा सेकंदांतच रंग देतं, क्लोरामाइन पुढच्या काही मिनिटांत सावकाश देतं. आमच्या केंद्रावर नळी खिडकीत ठेवून चपात्यांचा हिशोब करायला जायचे, परत येऊन बघितलं तर छान पिवळी, वहीत नोंद "क्लोरीन आहे". मी दहा आकडे मोजून बघितलं तर नळी पाण्यासारखी पांढरी. सहा-सात मिनिटांनी ती पिवळी झाली, आणि तिथं सगळ्यांच्या लक्षात आलं. (टेस्ट केलेलं पाणी पिऊ नका, पिंपात परत तर अजिबात ओतू नका, ते रसायन अपायकारक आहे. डीपीडीची गोळी मिळाली तर उत्तम, तिला गुलाबी रंग येतो.)

अजून एक समज. वाहतं पाणी बाटत नाही म्हणतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार होतं, उत्तरेच्या दारानं कृष्णामाई आत येऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तेव्हा लोक श्रद्धेनं स्नान करतात, ती श्रद्धा मला समजते, मी स्वतः गेलोय. पण ते पाणी बाटलीत भरून केंद्रातल्या आजारी माणसाला पाजू नका. वरच्या सगळ्या गावांची गटारं, मेलेली जनावरं, शेतातली औषधं त्याच पाण्यात आलेली असतात. तुरटीचं पण तसंच, तुरटीनं गाळ खाली बसतो कारण मातीच्या कणांचा ऋण भार तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम मोडतं, पाणी नितळ दिसतं, पण जंतू पाण्यात उरतातच. तुरटी आधी, क्लोरीन नंतर, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं.

आम्ही मग विहिरीला दोरी बांधली, म्हशी मैदानाच्या खालच्या अंगाला नेल्या, टँकरचं पाणी सिंटेक्समध्ये घेतलं. एका आशाताईंनी बादलीत पावडर कालवून पंधरा मिनिटं ठेवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळीच टाकीत ओतली, मग अर्धा तास कुणाला नळ सोडू दिला नाही. लोकं घागरी घेऊन कुरकुरत उभी, पण त्या हलल्या नाहीत. दहा सेकंदांत फिकट पिवळा, लिटरला अर्धा मिलिग्रॅम. आज्जींनी तांब्या भरून घेतला, वास घेतला, काही न बोलता प्यायल्या.

संध्याकाळी मी त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी नळीत घेतलं. दिवसभर उघडा, चार जणांचे हात लागलेले. दहा सेकंद, वीस सेकंद, रंगच नाही. टाकीतून आलेलं क्लोरीन तोवर खर्चून गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आणि दुपारी असं दोनदा पाणी वाटायला लागलो, प्रत्येक घराला झाकणाची कळशी आणि एक दांड्याचं वगराळं दिलं, आणि टेस्ट टाकीवर न करता वर्गातल्या सगळ्यात कोपऱ्यातल्या कळशीवर करायला लागलो.