शरदातील बास व क्रॅपी मासेमारी

अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान तलावांत आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या ओढ्यांत गळाने केली जाणारी हौशी मासेमारी. तिकडे या ओढ्यांना ‘क्रीक’ म्हणतात. आपल्याला क्रीक म्हटले की ठाण्याची खाडी आठवते; इथे मात्र पाणी गोडे आहे आणि भरती-ओहोटीचा संबंध नाही.

बास आणि क्रॅपी हे दोन्ही सेंट्रार्किडी या एकाच कुलातले मासे. बासमध्ये मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ हे मुख्य. क्रॅपी पांढरा व काळा असा दोन जातींचा. पण ओळखताना रंगावर जाऊ नये, पाठीच्या पराचे काटे मोजावेत. पांढऱ्याला पाच-सहा, काळ्याला सात-आठ. लुइझियानात क्रॅपीला ‘साक-आ-ले’ म्हणतात.

शरदातली ही मासेमारी खरे तर शॅड या तिसऱ्याच माशाभोवती फिरते. शॅड हा आपल्या तारली आणि पाल्याच्या गणातला, प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणारा चंदेरी मासा. पाणी निवू लागले की त्याचे थवे तलावाच्या मध्यातून ओढ्यांच्या मुखाशी आणि तिथून आत सरकतात. बास मागोमाग जातात. म्हणून जाणता गळकरी आधी शॅड शोधतो, बास नंतर. वारा नसताना पाण्यावर एखाद्या ठिकाणीच पाऊस पडल्यासारखी टिपटिप दिसते, मधूनच मोठा फवारा उडतो. शॅड वर पळत असतात आणि खालून बास त्यांच्यावर तुटून पडलेले असतात. अशा वेळी चंदेरी, शॅडच्या मापाचे कृत्रिम आमिष फेकून झपाट्याने ओढले जाते.

याच काळात खोल, स्थिर तलावांत ‘पाणी उलटते’. उन्हाळ्यात वर गरम पाणी, तळाशी गार आणि प्राणवायूने गरीब पाणी असे थर पडलेले असतात. वरचे पाणी गार होऊन जड झाले की थर मोडतात आणि वारा सारे पाणी घुसळून काढतो. तळाचा कुजकट वास वर येतो, पाणी गढूळते, मासे विखुरतात आणि काही दिवस गळाला काही लागत नाही. हौशी मंडळी मात्र हात हलवत परतल्यावर दर वेळी याच घटनेला दोष देतात, तलाव उलटो वा न उलटो.

केंटकी लेक हे या मासेमारीचे नावाजलेले ठिकाण. टेनेसी नदीवर 1944 मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा हा जलाशय सुमारे 296 किमी. लांब आहे. नदीचे पाणी त्यातून सतत वाहत असल्यामुळे थर पक्के होत नाहीत. इथला शरद वेगळ्या कारणाने ओळखला जातो: पूर सामावण्यासाठी पाण्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी उन्हाळ्यातल्या 359 फुटांवरून हिवाळ्यासाठी 354 वर उतरवतात. पाच फूट हा आकडा लहान वाटतो, पण उथळ आखातांत तेवढ्यानेच काठची झाडोऱ्याची जागा कोरडी पडते आणि मासे बुडालेल्या जुन्या ओढ्यांच्या पात्राकडे हटतात.

क्रॅपीचा कल झाडोऱ्याकडे. त्याच्यासाठी लोक फांद्यांचे भारे दगड बांधून बुडवतात. नाताळ सरल्यावर टाकून दिलेली झाडेही त्यासाठी वापरतात. क्रॅपीचे डोळे वरचे टिपणारे, त्यामुळे जिवंत बारका मासा किंवा छोटी जिग (गळाला शिशाचे डोके असलेले कृत्रिम आमिष) त्याच्या जरा वर लोंबती ठेवावी लागते. ओढ बहुधा हलकी असते. कधी तंगूस नुसता सैल पडतो, कारण आमिष घेऊन मासा वर आलेला असतो. इथे हिसका दिला की संपले: ओठ कागदासारखे पातळ असल्याने गळ फाडून निघतो. सावकाश उचलावे आणि काठाशी जाळी लावावी.

पकडीनंतर दोघांच्या वाटा वेगळ्या. बास बहुधा पाण्यात परत सोडतात, क्रॅपी ताटात जातो. आपण रव्यात घोळवतो तसे तिकडे मक्याच्या पिठात घोळवून तळतात. परवाना लागतो, किमान लांबी व दिवसाची मर्यादा राज्याराज्यांत, कधी तलावागणिक वेगळी असते.

केंटकी लेकमध्ये अलीकडे आशियाई सिल्व्हर कार्प घुसला आहे. तोही प्लवकच खातो, म्हणजे थेट शॅडच्या ताटात हात घालतो. त्याला अडवण्यासाठी शेजारच्या बार्कली धरणाच्या नौकाद्वाराशी (जिथून बोटी धरण पार करतात) 2019 मध्ये बुडबुडे, आवाज आणि प्रकाश यांचे कुंपण बसवण्यात आले.