खिडकीबाहेर भिंत की झाड?

रुग्णालयात खोली मिळाली की आपण पंखा चालतो का, संडास आत आहे की बाहेर, एवढं बघतो. खिडकीतून काय दिसतं, हे सहसा कुणी बघत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या खोल्या जवळपास एकसारख्या होत्या. फरक होता तो खिडकीबाहेर. काहींसमोर झाडं, काहींसमोर तपकिरी विटांची भिंत. जी खोली रिकामी होईल ती पुढच्या रुग्णाला मिळे. म्हणजे कुणीही न मांडलेला प्रयोग तिथे वर्षानुवर्षं चालूच होता, फक्त फायली उघडायच्या बाकी होत्या.

त्या फायली संशोधक रॉजर उलरिच यांनी उघडल्या. १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी, त्याही १ मे ते २० ऑक्टोबरच्याच, कारण एरवी तिथल्या झाडांवर पानंच नसतात. वय, लिंग, वजन, धूम्रपानाची सवय जुळवून त्यांनी रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हा निबंध १९८४ साली आला.

झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. पाऊण दिवसाचं काय एवढं, असं वाटेल. मला वेदनाशामकांचा हिशेब जास्त बोलका वाटतो. पहिल्या दिवस-दीड दिवसात दोन्ही गटांत फरक नव्हता. इतकं दुखत असताना बाहेर बघतो कोण! पुढच्या तीन-चार दिवसांत मात्र भिंतवाल्यांना जालीम औषधं जास्त लागली, झाडवाल्यांचं बऱ्याचदा साध्या गोळीवर भागलं. ‘रडते आहे’, ‘फार धीर द्यावा लागतो’ अशा परिचारिकांच्या नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांवर माणशी जवळजवळ चार, झाडवाल्यांच्या एकच.

अर्थात माणसं ४६, रुग्णालय एक, ऑपरेशनही एकाच प्रकारचं. शिवाय झाडाने बरं केलं की भिंतीने बिघडवलं, हे यातून कळत नाही. उलरिच यांनीच लिहून ठेवलंय की, दीर्घकाळ पडून कंटाळलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ताही मानवू शकेल.

ते मला पटतं. मांडीचं हाड मोडून पडलेल्या माझ्या मावशीने बागेकडची खोली सोडून रस्त्याकडची मागून घेतली होती. खाली भाजीची गाडी लागायची. कोथिंबिरीची जुडी आज कितीला गेली, हे ती आम्हाला खाटेवरून सांगायची.