डोंगर जाळला की गवत जोमाने येतं?

मुळशी, भोर, वेल्ह्याचे डोंगर उन्हाळ्यात पेटलेले दिसतात. ‘वणवा लावला की पावसाळ्यात गवत जोमाने येतं’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. गवत येतं ते पावसाने. जुनं वाळकं गवत जळून गेलेलं असतं म्हणून नवा कोंभ उठून दिसतो, एवढंच. राखेचं खत म्हणाल, तर उतारावरची राख पहिल्या जोरदार सरींतच ओढ्याला लागते. मागोमाग उघडी पडलेली मातीही जाते, आणि ती पुढे धरणात गाळ होऊन बसते.

वरचेवर जाळलेल्या रानात कुसळी माजते, कारण ती आगीला दाद देत नाही. कोवळी असताना गुरं ती खातात, पण कुसळं धरली की तोंड फिरवतात. म्हणजे चाऱ्यासाठी जाळायचं आणि चाराच घालवायचा! हिरड्या-बेहड्याची रोपटी, चंडोलाची जमिनीवरची घरटी जातात ते वेगळंच.

भाताचा राब भाजणं, म्हणजे रोपं वाढवायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं, निराळं. वारा पडलेला असताना, माणसं राखणीला ठेवून भाजला तर आग खाचरातच राहते. डोंगरावरचं गवत मात्र पावसाळा सरल्यावर कापून गंजी रचावी, आणि होळीआधी गावाने मिळून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढावी. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हाही आहे.