‘आठ लाख वर्षांत पहिल्यांदाच’ हे ठरवलं कोणी?

हवामानबदलाच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड गेल्या ८ लाख वर्षांत कधी नव्हता इतका वाढला आहे. दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या आमच्या गावात पेपर अजून पारावर मोठ्यानं वाचला जातो. मागच्या उन्हाळ्यात हे वाक्य आलं आणि एका आबाजींनी वाचणाऱ्या पोराला तिथंच थांबवलं. “बहात्तरच्या साली आपल्या शिवारात पानी किती पडलं, थे कोनाले सांगता येत नाई. अन् आठ लाख सालाचं कोनं मोजून ठेवलं रे बावा?”

शंका रास्त होती. भारतीय हवामान खातं १८७५ चं. हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजायला सुरुवात झाली ती १९५८ साली, हवाई बेटांवरच्या माउना लोआ डोंगरावर. मोजणी पाऊणशे वर्षांचीही नाही आणि दावा आठ लाखांचा. मधली सगळी पानं बर्फातून वाचलेली आहेत.

त्या दिवशी मी आबाजींना बाजारातल्या गोळेवाल्याची लादी दाखवली. कारखान्यातून भुशात गुंडाळून येते ती. कडेनं काचेसारखी आरपार आणि पोटात पांढरीफटक. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा मधे ढकलली जाते आणि शेवटी बारीक बुडबुडे होऊन अडकते. तो पांढरा रंग त्या बुडबुड्यांचा. ध्रुवावरच्या बर्फातही हवा अडकलेली असते, पण ती वेगळ्या वाटेनं आलेली. तिथं पडलेलं हिम वितळतच नाही. वर्षावर वर्षाचा थर बसतो, खालचा दबत जातो आणि साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर कणांमधल्या फटी बंद होतात. त्या क्षणी फटीत जी हवा असेल ती कायमची आत. म्हणून थर ज्या वर्षीचा, त्यातली हवा त्यापेक्षा थोडी नंतरची असते. हा फरक हिशेबात धरावा लागतो आणि ज्यांनी तो नीट धरला नाही त्यांचे आकडे पुढे दुरुस्त करावे लागले.

गोष्टीची सुरुवात मात्र हवेपासून झाली नाही, पावसापासून झाली. जून १९५२ मध्ये कोपनहेगनला धो-धो पाऊस लागला होता. विली डान्सगार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं घराच्या बागेत बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात चाडी खोचली आणि पावसाचं पाणी धरलं. (आपल्याकडे रॉकेल ओतायला असायची तीच चाडी.) प्रयोगशाळेत वस्तुमान मोजायचं नवं यंत्र होतं आणि त्यात काय घालून पाहावं हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

पाण्याच्या साधारण ५०० रेणूंमागे एकात ऑक्सिजनचा जड प्रकार असतो, ऑक्सिजन-१८. जड रेणू वाफ होताना मागे रेंगाळतो आणि पाऊस होताना आधी खाली येतो. ढग समुद्रावरून निघून ध्रुवाकडे सरकत जातो, थंड होत जातो, वाटेत बरसत जातो. बोजं घेतलेला प्रवासी पहिल्या थांब्यावर उतरावा तसे जड रेणू उतरून जातात. शेवटी ध्रुवावर जे हिम पडतं त्यात त्यांची टंचाई असते, आणि थंडी जितकी कडक तितकी ही टंचाई जास्त. डान्सगार्डच्या लक्षात आलं की हिमाचा जुना थर हाती लागला तर त्या काळच्या थंडीचा अंदाज काढता येईल. १९५४ साली त्यानं हे लिहिलंही. फक्त जुना बर्फ त्याच्याकडे नव्हता.

इथं एक सांगायला हवं, कारण आपल्याकडचे हौशी लोक हमखास इथं घसरतात. हाच नियम विदर्भातल्या पावसाला लावून जुनं तापमान काढता येत नाही. उष्ण पट्ट्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण मुख्यतः पाऊस किती जोराचा झाला त्यावर हलतं. जोराचा पाऊस, जड रेणू कमी. डान्सगार्डनंच १९६४ च्या निबंधात हा फरक मांडून ठेवला होता.

जुना बर्फ मिळाला तो अमेरिकी लष्कराकडून. ग्रीनलंडच्या बर्फाखाली बोगदे खणून त्यांनी कॅम्प सेंच्युरी नावाचा तळ उभारला होता, अणुभट्टीसकट. जगाला सांगितलं होतं संशोधन. मनात होतं बर्फाखाली क्षेपणास्त्रं लपवण्याचं. बर्फ सरकत राहतो म्हणून तो बेत बारगळला, पण तिथं चालू असलेलं छिद्र १९६६ साली तळाच्या जमिनीला टेकलं. जवळजवळ १,३९० मीटर.

हे छिद्र आपल्या बोअरसारखं नव्हे. आपल्याकडे तामिळनाडू पासिंगची गाडी रात्री शेतात उभी राहते, हातोडा दगडाची भुकटी करतो, हवेच्या दाबानं ती वर फेकली जाते. गाडीवरचा पोरगा दर रॉडला मूठभर भुकटी काढून बांधावर ढीग मांडतो: काळा पाषाण, मग तांबडी, पुन्हा काळा. थर कळतात, पण मोडलेले. बर्फाचं यंत्र पोकळ असतं. टरबूजवाला सुरीनं काप काढून आतला लाल दाखवतो ना, तसं. कडेनं गोल कापत जातं आणि मधला दंडगोल अख्खा वर येतो, साधारण १० सेंटीमीटर जाडीचा, एका खेपेला काही मीटर. उतरायचं, कापायचं, वर यायचं, पुन्हा उतरायचं. खोलवर बर्फाच्या दाबानं छिद्र मिटू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरतात.

डान्सगार्डनं त्या दंडगोलाचे तुकडे मागून घेतले आणि १९६९ मध्ये सहकाऱ्यांसह निष्कर्ष छापले. आलेखात शेवटचं हिमयुग सरळ दिसत होतं. त्याहून विचित्र होत्या तापमानाच्या मधल्या अचानक उड्या. पुढे स्वित्झर्लंडच्या हान्स ओश्गरनं दुसऱ्या छिद्रांत त्याच उड्या दाखवल्या आणि १९९० च्या दशकात ग्रीनलंडमध्ये ३ किलोमीटरच्या वर खोल गेलेल्या दोन छिद्रांनी शंका उरू दिली नाही. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी ग्रीनलंड काही दशकांत जवळपास १० अंशांनी तापला. हवामान हळूहळूच बदलतं हा तोवरचा समज तिथं मोडला.

हवेच्या बुडबुड्यांकडे वळवणारा माणूस होता क्लोद लोरियूस, फ्रेंच. १९६५ साली अंटार्क्टिकातल्या अॅडेली लँडमध्ये दिवसभर छिद्र पाडून झाल्यावर त्यांनी जुन्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकला. बर्फ वितळताना बुडबुडे तडतडत फुटू लागले. ही तर त्या काळातली हवा, हे तिथं सुचलं असं ते स्वतः सांगत. सुचायला एक पेला पुरला. मोजता यायला पंधरा वर्षं गेली.

कारण बर्फ वितळवून हवा काढली की आकडा खोटा येतो. धुळीतला चुना आणि आम्ल पाण्यात भेटले की नवा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ग्रीनलंडच्या बर्फात आशियातल्या वाळवंटांची धूळ भरपूर, त्यामुळे तिथला आकडा कार्बन डायऑक्साइडसाठी आजही भरवशाचा धरत नाहीत. अंटार्क्टिकाचा बर्फ स्वच्छ. तो गोठलेला असतानाच निर्वात भांड्यात चुरडायचा आणि सुटलेली हवा मोजायची, ही रीत बर्न आणि ग्रेनोबलच्या प्रयोगशाळांनी १९८० च्या आसपास बसवली. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड आताच्या औद्योगिक काळाआधीच्या पातळीहून साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी होता, हे तेव्हा कळलं.

मग व्होस्टोक. पूर्व अंटार्क्टिकातलं सोव्हिएत ठाणं. २१ जुलै १९८३ ला तिथं उणे ८९.२ अंश नोंदले गेले. चंद्रपूरच्या ४७-४८ अंशांची सवय असलेल्या माणसानं या आकड्याची कल्पना करू नये, ती होत नाही. शीतयुद्ध चालू असताना या बर्फासाठी सोव्हिएत कामगार, फ्रेंच शास्त्रज्ञ आणि अमेरिकी विमानं एकत्र आली. १९८७ मध्ये १,६०,००० वर्षांचा आलेख छापून आला आणि १९९९ मध्ये तो ४,२०,००० वर्षांपर्यंत गेला. तापमान आणि कार्बन डायऑक्साइड बैलजोडीसारखे सोबत चढत-उतरत होते. युरोपीय देशांनी मिळून अंटार्क्टिकातल्याच डोम सी इथं पाडलेल्या छिद्रानं हिशेब ८ लाखांवर नेला. २००८ मध्ये त्यातली वायूंची पूर्ण नोंद प्रसिद्ध झाली. तेवढ्या काळात दहा लाख भागांमागे साधारण १७० ते ३०० यांच्या बाहेर कार्बन डायऑक्साइड गेलेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे. पेपरातलं वाक्य ते हे.

बर्फातल्या हवेवर विश्वास का ठेवायचा? अंटार्क्टिकात जिथं हिम भरपूर पडतं, उदाहरणार्थ लॉ डोमला, तिथं अगदी अलीकडची हवाही अडकलेली सापडते. ती मोजली तर १९५८ नंतरच्या माउना लोआच्या नोंदींशी जुळते.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक आक्षेप इथंच उरकतो: जुन्या आलेखात आधी तापमान चढतं, वायू मागून येतो, मग वायूचा दोष कसा? पृथ्वीची कक्षा आणि कल हजारो वर्षांत थोडे बदलतात, त्यानं तापायला सुरुवात होते हे खरं. तापलेले समुद्र वायू सोडतात आणि तो वायू तापमान आणखी वर नेतो. आता आपण वायू थेट हवेत सोडतो आहोत, समुद्राची वाट न पाहता.

वायू आणि ऑक्सिजनची एवढी कौतुकं झाली, पण माझा जीव बर्फातल्या क्षारांवर आहे. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याचा असणारच. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि त्याच पाण्यातल्या क्षारांवरून जमिनीचा स्वभाव ओळखला जातो. बर्फात सोडियम सापडला तर तो समुद्रावरून आलेला. कॅल्शियम जास्त तर धूळ उडत होती, कुठं तरी जमीन उघडी पडली होती. गंधकाचं आम्ल मिळालं तर ज्वालामुखी. डेन्मार्कच्या क्लाउस हॅमरनं दंडगोलाच्या साफ केलेल्या बाजूवरून विजेच्या दोन टोकांची जोडी ओढत नेली. आम्ल जिथं जास्त तिथं प्रवाह उसळतो. १७८३ चा आइसलंडमधला लाकी आणि १८१५ चा इंडोनेशियातला तांबोरा असे पकडता येतात, आणि तारीख माहीत असलेला असा स्फोट सापडला की वरखालचे थर मोजायला खुंटी मिळते. १९६० च्या दशकात क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं ग्रीनलंडच्या हिमात शिसं मोजलं. पेट्रोलमधलं शिसं तिथवर पोचलं होतं.

आबाजींचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: यात आपल्या पान्याचं काई हाय का?

आहे. जुन्या हवेतला मिथेन बराचसा उष्ण पट्ट्यातल्या दलदलींमधून येतो, म्हणजे पाऊसमान सुधारलं की तो वाढतो. ग्रीनलंड तापल्याच्या प्रत्येक उडीसोबत मिथेनही चढलेला दिसतो, आणि अरबी समुद्राच्या तळचा गाळ सांगतो की त्याच सुमारास आपला मोसमी पाऊसही जोर धरत होता.

त्याहून जवळचा पुरावा हिमालयात आहे. लॉनी थॉम्पसन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या गटानं १९९७ मध्ये तिबेटच्या दक्षिण कडेवरच्या दासुओपू हिमनदीत ७,००० मीटरच्या वर छिद्रं पाडली. मोसमी पाऊस हुकला की तिथल्या बर्फात धूळ आणि क्लोराइड वाढतात. गेल्या हजार वर्षांत त्या नोंदीतला सगळ्यात मोठा दुष्काळ १७९० ते १७९६ चा. १७९१-९२ मध्ये हैदराबाद, दख्खन आणि गुजरातनं जो भोगला आणि मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही कोणी उरलं नाही म्हणून ज्याला कवट्यांचा दुष्काळ म्हणतात, तो याच वर्षांतला. वऱ्हाडावर तेव्हा निजाम आणि भोसले यांची दुअमली, म्हणजे दोघांचाही अंमल होता. तिबेटच्या बर्फातली धूळ आणि आपल्या बखरीतला काळ एकाच सालाला भेटतात, हे मला आठ लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त अंगावर आलं.

भारताचं स्वतःचं काम गोव्यातून चालतं. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचा बर्फ उणे २० अंशांच्या खोलीत ठेवून तपासतात. तिकडे अंटार्क्टिकात युरोपीय गटानं जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ काढला आहे. त्याचं मोजमाप छापून आलं की पेपरातलं ते ठरलेलं वाक्य बदलावं लागेल.

विदर्भात बर्फ नाही, गाळ आहे. लोणारच्या तळ्यातून २००८ साली सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल काढला गेला. त्यात ११,००० वर्षं मावली. पाणी आटून फार खारं झालं की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात. ते सापडले की तो काळ कोरडा. त्यावरून दोन लांब कोरडे काळ निघाले: साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसऱ्यात यादवांचा काळ येतो. तळ्याचं पाणी चढलं की कमळजा देवीच्या देवळाला भिडतं, हे लोणारला गेलेल्यानं पाहिलं असेल. इतक्या काठाशी देऊळ बांधताना पाणी बरंच आत असावं, हा माझा आपला तर्क. आबाजींना तो पटला नाही. देवी पान्याले भिऊन जागा निवडत नाई, म्हणाले.